जड पाणी : घरी मृदुकरण यंत्र बसवावे काय?

पाऊसपाण्याच्या बाबतीत कोल्हापूर जिल्हा भाग्यवान मानला जातो आणि ते खोटे नाही. पश्चिमेस गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीच्या कुशीतून उतरतात, लोकपरंपरेने मानलेली गुप्त सरस्वती त्यांत धरून प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि पंचगंगा होतात. मात्र हीच पंचगंगा नरसोबाच्या वाडीला ज्या शिरोळ तालुक्यात कृष्णेस मिळते, तेथील पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरही भरणार नाही. एवढ्या अंतरात पाऊस दहावा हिस्सा उरतो, तांबडी माती काळी होते आणि जमिनीखालच्या पाण्याचा गुणही बदलतो.

या बदललेल्या गुणाचा अनुभव गृहिणीला प्रथम येतो. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, छपरावरील सौर बंबाच्या नळ्या दोन-तीन वर्षांत चोंदतात. "आमचे बोअरचे पाणी जड आहे" हे वाक्य जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि शहराच्या उपनगरांत सर्रास ऐकू येते. गेल्या काही वर्षांत या जड पाण्यावर उपाय म्हणून पाणी मृदू करणारी यंत्रे, म्हणजेच सॉफ्टनर, घरोघरी बसू लागली आहेत. काही ग्रामपंचायतींच्या बैठकांतूनही "सार्वजनिक टाकीवर असे यंत्र बसवावे काय?" असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते पाण्यात आणि काही अंशी मातीत शोधावे लागते.

पाणी जड का होते?

पावसाचे पाणी मूलतः मृदू असते. जमिनीत मुरताना ते मातीतील कर्बवायू सोबत घेते व किंचित आम्लधर्मी होते. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या खोल काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे विपुल असतात. हे पाणी तो चुना विरघळवीत खाली जाते. परिणामी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार पाण्यात उतरतात. शालेय पाठ्यपुस्तकांत अशा पाण्यास 'दुष्फेन' म्हटले आहे, कारण साबणाशी संयोग होऊन त्याचा चोथा होतो व फेस येत नाही.

याचे दोन प्रकार आहेत. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा पाणी उकळले की बव्हंशी जातो, पण जाताना भांड्याला पांढरे पुट देऊन जातो. बंबात आणि गिझरमध्ये जमणारा थर हाच. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही. एकाच विहिरीत बहुधा दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

प्रयोगशाळेच्या अहवालात जडपणाचा आकडा 'मिलिग्रॅम प्रतिलिटर' या मापात दिलेला असतो. सर्वसाधारणपणे ७५ पर्यंतचे पाणी मृदू, १५० च्या पुढचे जड आणि ३०० च्या पुढचे अतिजड समजतात. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार (आय.एस. १०५००) २०० पर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे, दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो.

आधी नळ कोणता, हे पाहावे

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील अनेकांनी यंत्र आधी घेतले व पाणी नंतर तपासले. खरा क्रम याच्या उलट आहे. कोल्हापूर शहरास पूर्वापार पंचगंगा-भोगावतीचे आणि २०२३ पासून काळम्मावाडी धरणातून थेट नळाने आलेले पाणी मिळते. सह्याद्रीवरून आलेले हे पाणी सामान्यतः मृदू असते. ज्या घरात केवळ महापालिकेचे पाणी येते तेथे मृदुकरण यंत्राचे काही काम नाही. परंतु पुष्कळ गृहनिर्माण संस्थांत नळाचे व बोअरचे पाणी एकाच टाकीत सोडलेले असते. मग आज फेस येतो, उद्या येत नाही, आणि घरचे लोक साबणाला दोष देतात. अशा ठिकाणी निम्मा प्रश्न नळकामानेच सुटतो : स्वयंपाकघर व न्हाणीघर यांना नळाचे पाणी, शौचालय व अंगणास बोअरचे. गवंडी व प्लंबर यांची दोन दिवसांची मजुरी एवढाच त्याचा खर्च.

तपासणी अवघड नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एका स्वच्छ बाटलीत बोअरचे, दुसरीत पावसाचे पाणी घ्यावे, दोहोंत साध्या साबणाचा सारखा कीस टाकून हलवावे आणि फेस पाहावा. शाळेत विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग उत्तम होतो. मात्र पैसे खर्च करावयाचे असतील तर आकडाच हवा. जलजीवन मिशनखाली गावोगाव देण्यात आलेल्या क्षेत्रीय तपासणी संचात जडपणाची चाचणी असते. थेंब मोजत लाल रंगाचा निळा होईपर्यंत द्रावण घालावयाचे. अधिक खात्रीसाठी जलसुरक्षकामार्फत नमुना शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठविता येतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. विक्रेते बहुधा पेनासारखे एक उपकरण पाण्यात बुडवून आकडा दाखवितात. तो एकूण विद्राव्य क्षारांचा, म्हणजे टी.डी.एस.चा आकडा असतो; जडपणाचा नव्हे. मृदुकरण यंत्र क्षार काढून टाकीत नाही, एका क्षाराच्या जागी दुसरा ठेवते. त्यामुळे उत्तम चालणाऱ्या यंत्रातून आलेल्या पाण्याचाही टी.डी.एस. जवळजवळ तेवढाच राहतो. चुंबकाच्या वा विजेच्या लहरींनी पाणी 'मऊ' करतात म्हणून सांगितली जाणारी, मीठ न लागणारी साधने तर पाण्यातले कॅल्शियम काढीतच नाहीत. आधी व नंतर थेंबांची चाचणी केली तर आकडा तोच येतो. आर.ओ. यंत्राने मात्र जडपणा खरोखर जातो, पण बरेचसे पाणी वाया जाते. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, टी.डी.एस. ५०० पेक्षा कमी असेल तेथे आर.ओ.च्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, त्यामागे हेच कारण होते.

यंत्रात काय घडते?

मृदुकरण यंत्र म्हणजे एक उभे नळकांडे. त्यात राळेचे, म्हणजे रेझिनचे, मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक मणी असतात. प्रत्येक मण्यावर सोडियमचे कण बसलेले असतात. जड पाणी त्यावरून गेले की कॅल्शियम मण्यावर बसते व सोडियम पाण्यात उतरते. एस.टी.च्या गाडीत एखादा ऐसपैस प्रवासी दोघांना उठवून बसावा तसा कॅल्शियमचा एक कण सोडियमच्या दोघांची जागा घेतो. काही दिवसांनी सर्व जागा भरतात. मग मिठाचे तीव्र द्रावण सोडून सोडियमची एवढी गर्दी केली जाते की कॅल्शियमला उतरणे भाग पडते. उतरलेले कॅल्शियम व उरलेले मीठ, दोन्ही गटारात जातात आणि यंत्र पुन्हा कामास सिद्ध होते.

या अदलाबदलीचा शोध यंत्रशाळेत लागला नाही, हे आपल्या शेतकरी वाचकांना मुद्दाम सांगण्याजोगे आहे. तो मातीत लागला. इंग्लंडमधील शेतकरी एच. एस. थॉम्प्सन यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचे द्रावण झिरपविले, तेव्हा खाली अमोनियाऐवजी कॅल्शियमचे सल्फेट आले. रसायनशास्त्रज्ञ जे. थॉमस वे यांनी त्याचा पाठपुरावा केला. हे निष्कर्ष १८५० साली प्रसिद्ध झाले. खत मातीत टिकते कसे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९०५ च्या सुमारास, जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी हेच तत्त्व पाणी मृदू करण्यास वापरले.

म्हणजे नळकांड्यात जे घडते ते शेतातही घडते. फरक एवढाच की, नळकांड्यात सोडियमने कॅल्शियमला हुसकावणे आपल्या सोयीचे असते, शेतात ते घातक ठरते. काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम एकत्र धरून ठेवते. म्हणून जमीन भुसभुशीत राहते व पाणी मुरते. सोडियम वाढले की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, जमीन ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी होते. अतिरिक्त पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळे शिरोळ तालुक्यातील उसाची मोठी जमीन क्षारपड झाली आणि ती सुधारण्यासाठी भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकण्याचे काम तेथे हाती घ्यावे लागले. चोपण जमिनीस जिप्सम देतात ते तरी काय? मातीच्या कणांवरील सोडियम उठवून तेथे पुन्हा कॅल्शियम बसविणे. एकीकडे शेतकरी जिप्समची पोती विकत घेऊन मातीत कॅल्शियम घालीत असता, दुसरीकडे त्याच गावात मिठाची पोती आणून पाण्यातले कॅल्शियम काढावयाचे आणि ते मीठ ओढ्यात सोडावयाचे, यातील विसंगती जाणवण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

घराचा हिशेब

तरीही काही घरांत यंत्र बसविणे योग्य ठरते. समजा, पाच माणसांचे कुटुंब आहे, दुसरा स्रोत नाही आणि बोअरचा जडपणा ४५० आहे. सर्व वापराचे, म्हणजे दिवसाचे ५०० लिटर पाणी मृदू करावयाचे नाही. शौचालयास, अंगण धुण्यास, झाडांना ते नको. हल्लीच्या धुण्याच्या पावडरी जड पाण्यातही बऱ्यापैकी चालतात. उरतात न्हाणीघर आणि बंब. त्यांस २५० लिटर पुरेत. या पाण्यात रोज सुमारे ११२ ग्रॅम जडपणा असतो. २० लिटर राळेचे यंत्र साधारणतः एक किलो जडपणा धरते, म्हणजे दर नवव्या दिवशी त्यास मीठ द्यावे लागते. एका वेळेस सुमारे तीन किलो मीठ व धुण्यासाठी दीड-दोनशे लिटर पाणी खर्ची पडते. महिन्याला दहा किलो मीठ झाले. सर्व ५०० लिटर मृदू करावयाचे ठरविले तर हाच आकडा दुप्पट होतो. यंत्र घेण्यापूर्वी हा हिशेब आपल्या घरच्या आकड्यांनी मांडून पाहावा. विक्रेत्यास विचारावयाचे ते प्रश्नही यातूनच निघतात : राळ किती लिटर, दर खेपेस मीठ किती, पाणी किती वाया जाणार?

मीठ स्वच्छ हवे. बाजारातील साध्या खडे मिठात माती असते व कॅल्शियम-मॅग्नेशियमही असते, म्हणजे जे काढावयाचे तेच पुन्हा घालण्यासारखे. पाण्यात गढूळपणा किंवा लोह असेल तर यंत्रापूर्वी गाळणी बसवावी, नाहीतर राळेवर थर चढून ती लवकर निकामी होते. टी.सी.एल. पावडरची मात्रा फार झाली तरी राळ खराब होते.

आता स्वतःच्या घरची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या उपनगरात राहावयास गेलो व बोअरच्या पाण्यास कंटाळून यंत्र बसविले. बसविणाऱ्याने ते घरावरील टाकीच्या मुख्य नळालाच जोडले आणि मीही हरकत घेतली नाही. न्हाणीघरात सर्व प्रसन्न होते. आईला मात्र चहा बेचव लागू लागला. तिला रक्तदाबासाठी मीठ कमी करण्यास डॉक्टरांनी सांगितले होते व ती ते पथ्य निष्ठेने पाळीत होती. भाकरीच्या पिठातही मीठ घालीत नसे. एके दिवशी सहज हिशेब केला. जडपणाच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे ०.४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. ४५० जडपणाचे पाणी पूर्ण मृदू केले की लिटरला २०७ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात तीन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्यातून सहाशेवीस मिलिग्रॅम सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाला दोन हजारांहून कमी सोडियम घेण्याचा सल्ला दिला आहे. जवळजवळ तिसरा हिस्सा मी तिला पाण्यातून पाजीत होतो. त्याच सुमारास, यंत्राचे खारे पाणी जेथे सोडले होते तेथील कढीपत्त्याचे झाड शेंड्याकडून वाळत चालले होते. दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघराचा नळ यंत्राआधीच तोडून वेगळा करून घेतला. झाड वाचले नाही.

तेव्हा पिण्याचा व स्वयंपाकाचा नळ यंत्राच्या अलीकडून घ्यावा, हा नियम रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या घरी तर काटेकोरपणे पाळावा. दुधाच्या बाटलीवरील तान्ह्या मुलांसही मृदू केलेले पाणी देऊ नये. सोडियमऐवजी पोटॅशियमचे मीठ वापरता येते, पण ते महाग असते व मूत्रपिंडाच्या रुग्णांना तेही अपायकारक ठरू शकते.

आरोग्याविषयी थोडेसे

जड पाण्याने मूतखडा होतो, केस गळतात, कातडी बिघडते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. पाण्याच्या जडपणाने आरोग्यास अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. उलट त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम आहारात थोडीफार भरच घालते. त्वचेबाबत इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर एक शिस्तबद्ध चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी मृदुकरण यंत्र बसविलेल्या मुलांना नेहमीच्या उपचारांवर असलेल्या मुलांपेक्षा अधिक गुण आला नाही. जड पाण्याने साबण अंगावर राहून कातडी कोरडी वाटते हे खरे; पण ती गैरसोय आहे, रोग नव्हे.

खरा धोका वेगळा आहे आणि तो जिभेला कळत नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली व माणसे दगावली. मृदुकरण यंत्र जंतू मारीत नाही. उलट बरेच दिवस बंद पडलेल्या यंत्राच्या राळेत जंतू वाढू शकतात. म्हणून एखाद्या गावास मृदुकरण आणि निर्जंतुकीकरण यांतून एकाचीच ऐपत असेल, तर निवड करण्यास क्षणाचाही विलंब लागू नये.

सार्वजनिक टाकीवर यंत्र?

तीन हजार वस्तीच्या गावास दरडोई ५५ लिटरप्रमाणे रोज १ लाख ६५ हजार लिटर पाणी लागते. जडपणा ४५० वरून २०० वर आणावयाचा म्हटले तरी रोज ४१ किलो जडपणा काढावा लागेल. घरच्या यंत्राच्याच प्रमाणाने हिशेब केला तर त्यासाठी रोज सव्वाशे किलोच्या आसपास, वर्षाला सुमारे ४५ टन मीठ लागेल. मोठ्या यंत्रात काटकसर होते असे धरून यातून तिसरा हिस्सा वजा केला, तरी तीस टन उरते. हे सर्व मीठ गावच्या शिवारातच राहणार : ओढ्यात, शोषखड्ड्यांत, अखेर त्याच विहिरींत. ज्या गावची जमीन आधीच क्षारपडीच्या उंबरठ्यावर आहे तेथे ग्रामपंचायत सदस्यांनी ठराव लिहिण्यापूर्वी हा आकडा सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. कारखान्याच्या बॉयलरसाठी अथवा कापड रंगविण्यासाठी मृदू पाणी अनिवार्य असते. गावाच्या टाकीचे तसे नाही.

त्यापेक्षा स्रोत बदलणे हिताचे. नदीवरील प्रादेशिक योजनेतून निदान पिण्यापुरते पाणी मिळत असेल तर ते घ्यावे व बोअरचे पाणी वापरासाठी ठेवावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यातील विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करीत आली आहे. नवे बोअर घेण्यापूर्वी तिचा सल्ला घ्यावा. आणि पाऊस आहेच. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला व त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी चाळीस हजार लिटर पाणी हाती येते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू देऊन उरलेले टाकीत साठविले, तर सौर बंबास व डाळ शिजविण्यास पुष्कळ दिवस पुरते. साठा अपुरा असेल तर तेच पाणी बोअरमध्ये गाळून सोडावे. जडपणा थोडाफार उतरतो. शिरोळमधील शाळेच्या एका इमारतीचे छप्परसुद्धा शंभर चौरस मीटरहून मोठे भरेल.

ज्या घराला यंत्र नको, पण बंबाचा त्रास आहे, त्याने पाणी फार तापवू नये. तापमान जितके अधिक तितका थर अधिक. वर्षातून एकदा बंबाची टाकी रिकामी करून लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणाने धुवावी. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. तीव्र आम्लाने थराबरोबर धातूही जातो.

यंत्र बसविण्याचे ठरलेच तर खाऱ्या पाण्याची वाट आधी ठरवावी. परसबाग, विहीर, शोषखड्डा यांकडे ते जाऊ नये. शहरात मलनिःसारणाच्या नळास जोडणी असल्यास तेथे सोडावे. खेड्यात अशी सोय नसेल, तर पक्क्या हौदात साठवून उन्हात आटविणे एवढाच मार्ग उरतो आणि त्यास लागणारी जागा फार थोड्यांपाशी असते. यंत्र बसल्यावर दर महिन्यास एकदा थेंबांची चाचणी करून आकडा वहीत लिहावा. बोअरचा मूळ नमुना मात्र वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात व एकदा पावसाळा संपल्यावर तपासावा, कारण या दोन आकड्यांत बरेच अंतर पडू शकते आणि यंत्रातील मिठाची मात्रा त्यानुसार कमी-अधिक करता येते.